मुलींची शाळा कोणाच्या पैशावर उभी राहते?

(नाशिक येथे मुलींच्या शाळा चालविणाऱ्या संस्थांचे पदाधिकारी, शिक्षिका व पालक यांच्यासमोर झालेल्या व्याख्यानाचा संपादित मजकूर)



स्त्रीशिक्षणाचा विषय निघाला की आपल्याकडे थोरामोठ्यांची नावे आदराने उच्चारली जातात, तसबिरींना हार घातले जातात, त्यागाची वर्णने होतात. ते सारे योग्यच आहे. परंतु या थोरांनी उभ्या केलेल्या संस्थांची जमाखर्चाची वही उघडून पाहावी, असे सहसा कोणाला वाटत नाही. आजच्या भाषणाचा विषय ती वही आहे. विषय काहीसा रूक्ष वाटेल. पण मुलींच्या ज्या शाळा बंद पडल्या किंवा हातच्या गेल्या, त्यांची अधोगती वर्गात सुरू झाली नव्हती. ती कार्यालयातल्या कपाटात, न वाचलेल्या ताळेबंदापासून सुरू झाली होती.

नाशिकला हा विषय परका नाही. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे १८७८ साली न्यायखात्यातील बदलीमुळे या नगरीत आले. त्यांच्या पत्नी रमाबाई त्या वेळी अगदी कोवळ्या वयाच्या होत्या. नाशिकच्या मुलींच्या शाळेतील समारंभात त्यांनी पहिल्यांदा चारचौघांसमोर भाषण वाचून दाखविले. आज ती घटना किरकोळ वाटेल; त्या काळी घरातल्या वडीलधाऱ्यांच्या मनाला ती किती झोंबली असेल, याची कल्पना रमाबाईंच्या आठवणी वाचणाऱ्याला येते. याच रमाबाई पुढे १९०९ साली स्थापन झालेल्या पुण्याच्या सेवासदनाच्या अध्यक्षा झाल्या आणि वर्गणी, अहवाल, कार्यकारी मंडळ यांच्या कामात आयुष्यभर बुडून गेल्या.

त्याही मागे गेले तर १८४८ सालचा पुण्यातील भिडे वाडा दिसतो. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी तेथे मुलींची शाळा काढली. पुढच्या चार-पाच वर्षांत आणखी शाळा निघाल्या, त्यांच्यासाठी व्यवस्थापक मंडळी नेमली गेली, युरोपीय अधिकाऱ्यांच्या देणग्या आल्या, दक्षिणा फंडातून साहाय्य मिळाले. मग १८५७ चा उठाव झाला आणि देणग्यांचा ओघ आटला. मात्र देणगी आटण्याइतकीच लक्षात घेण्याजोगी दुसरी एक गोष्ट आहे. १८८२ साली हंटर आयोगापुढे निवेदन देताना जोतीरावांनी या शाळांचा उल्लेख केला. नऊ-दहा वर्षे काम केल्यानंतर, ज्यांचा तपशील येथे देण्याचे कारण नाही अशा काही परिस्थितीमुळे आपण त्या कामातून बाजूला झालो, एवढेच ते सांगतात. ज्याने शाळा काढली त्यालाच दूर व्हावे लागले, आणि का, याची नोंद त्याने केली नाही. कोणत्याही संस्थेच्या कार्यकारिणीत बसलेल्या माणसाला ते एक वाक्य पुष्कळ काही सांगून जाते.

आता अण्णासाहेब कर्वे यांच्याकडे वळू. महाराष्ट्रातील स्त्रीशिक्षणाच्या आर्थिक बाजूचा अभ्यास करावयाचा तर त्यांच्या संस्थांइतके बोलके उदाहरण नाही. १४ जून १८९६ रोजी अनाथ बालिकाश्रम मंडळी स्थापन झाली. अध्यक्ष डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर, चिटणीस स्वतः कर्वे. फर्ग्युसन महाविद्यालयात गणित शिकविणारा हा माणूस. हिशेबात चोख असणारच, असे कोणी म्हणेल. पण त्यांच्या हिशेबाचा पहिला आकडा घरातून निघाला होता. स्वतःच्या पाच हजार रुपयांच्या आयुर्विम्याची पॉलिसी त्यांनी संस्थेच्या नावे करून दिली. कुटुंबासाठी मागे ठेवलेली तीच काय ती तरतूद होती. आनंदीबाईंनी, म्हणजे बायांनी, 'माझे पुराण' या आत्मकथनात संसाराची जी ओढाताण सांगितली आहे, ती वाचल्यावर या त्यागाची किंमत कोणी कोणी मोजली हे कळते. चरित्रकारांनी हा प्रसंग अण्णांच्या खात्यावर मांडला. खरे तर तो जोडखात्यावर मांडावयास हवा.

पुण्यात प्लेग वाढल्यावर १९०० साली आश्रम गावाबाहेर, हिंगण्याला हलला. रावबहादुर गणेश गोविंद गोखले यांनी सहा एकर जमीन आणि साडेसातशे रुपये दिले. त्यातून एक झोपडी उभी राहिली. महाविद्यालयातील काम आटोपून अण्णा रोज पायी हिंगण्याला जात, तेथे शिकवीत आणि परत येत. सुट्ट्या लागल्या की वर्गणीसाठी गावोगाव फिरत.

येथे त्यांच्या कारभारातील एक निर्णय बारकाईने पाहिला पाहिजे. १८९३ साली त्यांनी स्वतः विधवेशी विवाह केला होता आणि पुनर्विवाहाच्या चळवळीत त्यांचा मोठा वाटा होता. समाजाने त्यांना त्यासाठी वाळीत टाकले होते. तरीही आश्रमातून पुनर्विवाहाचा प्रचार करावयाचा नाही, आश्रमाचे काम शिक्षणापुरतेच ठेवावयाचे, असे त्यांनी ठरविले आणि पाळले. टीकाकारांनी याला कच खाणे म्हटले असेल. परंतु वर्गणीदाराने पैसा ज्या कामासाठी दिला त्याच कामाला तो लागावा, चिटणिसाचे वैयक्तिक मत कितीही प्रामाणिक असले तरी त्याला तो लागू नये, हा दंडक त्यात होता. त्या वेळी विधवा मुलीला घराबाहेर शिकावयास पाठविणाऱ्या बापाला एवढी एक खात्री हवी होती, ती त्याला मिळाली.

१९०७ साली महिला विद्यालय निघाले, १९०८ साली निष्काम कर्ममठ. मठातील कार्यकर्त्यांनी निर्वाहापुरते घेऊन आजन्म सेवा करावयाची, अशी योजना होती. वेतनाचा खर्च हा शाळेच्या अंदाजपत्रकातील सर्वांत मोठा बोजा असतो. तो कमी करण्याचा हा मार्ग. पार्वतीबाई आठवले या बायांच्या धाकट्या भगिनी, विधवा. त्या हिंगण्याला शिकल्या, तेथेच राबल्या आणि वर्गणीसाठी गावोगाव हिंडल्या. १९१८ साली, इंग्रजी पुरते येत नसताना, त्या अमेरिकेला गेल्या आणि तेथे घरकाम करून राहिल्या. अशा माणसांच्या श्रमाची नोंद ताळेबंदात कोणत्या सदराखाली करावयाची, हा प्रश्न कोणत्याही हिशेब तपासनिसाला सुटलेला नाही.

१९१६ साली महिला विद्यापीठ स्थापन झाले. पहिल्या वर्गात हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या विद्यार्थिनी होत्या. शिक्षण मातृभाषेतून, पदवीचे नाव 'गृहीतागमा'. शासनाची मान्यता नाही, त्यामुळे शासनाच्या पैशाची आशा नाही. विद्यापीठाच्या सभेवर प्रतिनिधी निवडून देण्याचा अधिकार वार्षिक वर्गणी देणाऱ्या मतदारांना होता. वर्गणी छोटी असे, पण तिच्याबरोबर मत येत असे. मोफत आशीर्वाद देणाऱ्यांपेक्षा थोडी वर्गणी देऊन प्रश्न विचारणारा माणूस संस्थेला अधिक उपयोगी, हे अण्णांनी ओळखले होते.

आणि मग १९२० साली सर विठ्ठलदास ठाकरसी यांची पंधरा लक्ष रुपयांची देणगी आली. त्यांच्या मातोश्रींचे, श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी यांचे नाव विद्यापीठाला मिळाले. साडेतीन टक्के दराने या रकमेचे व्याज वर्षाला बावन्न हजार पाचशे रुपये होते. गावोगाव हिंडून वर्गणी जमविणाऱ्यांच्या दृष्टीने तो चमत्कारच होता. देणगीला काही अटी होत्या, त्यांत मुख्यालय मुंबईला नेण्याची एक होती.

सर विठ्ठलदास १९२२ साली निवर्तले. देणारा गेला, अटी राहिल्या. पुढे त्यांचे विश्वस्त आणि विद्यापीठ यांच्यात त्या अटींच्या अर्थावरून मतभेद झाले आणि वार्षिक रक्कम काही काळ थांबली. ज्या उत्पन्नावर महाविद्यालये आणि शाळा चालत होत्या, तेच थांबले. अण्णांनी १९२९ साली, वयाच्या एकाहत्तराव्या वर्षी, युरोप, अमेरिका, जपान असा प्रवास केला. त्यानंतर आफ्रिकेतही ते संस्थेसाठी हिंडले. जगप्रवासाची वर्णने आपण कौतुकाने वाचतो, पण या प्रवासातही झोळी बरोबर होती, हे विसरून चालणार नाही. अखेर तडजोड झाली आणि १९३६ साली विद्यापीठाचे मुख्यालय पुण्याहून मुंबईला गेले. कायद्याने मान्यता मिळावयास स्वातंत्र्य उजाडावे लागले.

या प्रकरणात कोणाचा दोष, हे ठरविण्याचे कारण नाही. ठाकरसी यांचे औदार्य निःसंशय होते, विश्वस्तांनाही दात्याच्या शब्दाचे पालन करावयाचे होते. पण संस्थेचे बहुतांश उत्पन्न एकाच खात्यावरून येऊ लागले की सभेतील मतांचे वजन बदलते. पाच-दहा रुपये देणाऱ्या शेकडो माणसांपैकी दहा जण रागावले तर शाळा चालू राहते. पंधरा लाख देणारा एक जण, किंवा त्याच्या मागे आलेले त्याचे विश्वस्त, वेगळा अर्थ लावू लागले की सत्तरी ओलांडलेल्या माणसाला आफ्रिकेपर्यंत जावे लागते. देणगीच्या पत्रातील प्रत्येक अट, पन्नास वर्षांनंतर दोन्ही बाजूंच्या नव्या माणसांनी वाचली तरी तिचा एकच अर्थ निघेल अशी लिहून घ्यावयास हवी. आपल्याकडे मात्र दात्याचा सत्कार आधी होतो आणि कागद मागाहून होतो.

हे सर्व नाशिकमध्ये सांगण्याचे कारण आजच्या शाळांपुढील परिस्थिती. महाराष्ट्राने मुलींना बारावीपर्यंत शिक्षण शुल्क माफ करण्याचे धोरण १९८० च्या दशकातच स्वीकारले. अहिल्याबाई होळकर योजनेमुळे ग्रामीण भागातील मुलींना शाळेसाठी एसटीचा प्रवास मोफत झाला. दिंडोरी, सिन्नर, त्र्यंबकच्या बाजूने शहरात येणाऱ्या कित्येक मुलींची शाळा त्या पासावर टिकली. (शाळेची घंटा एसटीच्या वेळापत्रकाशी जुळविणे हे काम मुख्याध्यापिका निमूटपणे करतात, त्याचा उल्लेख कोणत्याही अहवालात नसतो.) अनुदानित शाळेतील शिक्षकांचे वेतन शासन देते. त्यामुळे सर्व काही शासन करते, असा समज पसरला. प्रत्यक्षात इमारतीची दुरुस्ती, वीज, पाणी, मुलींसाठी पुरेशी व स्वच्छ शौचालये, प्रयोगशाळा, रखवालदार हा खर्च संस्थेच्या अंगावर असतो. वेतनेतर अनुदान पुरेसे नाही आणि वेळेवर मिळत नाही, ही तक्रार जुनीच आहे. शुल्क घेता येत नाही, अनुदान पुरत नाही आणि वर्गणीदार मात्र कधीच नाहीसा झाला, अशा तिढ्यात मराठी माध्यमाची मुलींची शाळा सापडली आहे. पटसंख्या घटली की संचमान्यतेत शिक्षकांची पदे कमी होतात. पदे कमी झाली की पालक आणखी बिचकतात.

आणि अशा शाळा बहुधा गावाच्या मध्यवर्ती भागात असतात. आजोबांच्या पिढीने दिलेली जागा आज सोन्याच्या मोलाची झाली आहे. पट कमी, इमारत जुनी, जागा मोक्याची. मग कोणीतरी 'विकासाचा' प्रस्ताव घेऊन येतो. सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम ३६ नुसार धर्मादाय आयुक्तांच्या पूर्वपरवानगीशिवाय संस्थेची स्थावर मालमत्ता विकता येत नाही, तीन वर्षांहून अधिक काळासाठी इमारत भाड्यानेही देता येत नाही. कायदा चांगला आहे. पण परवानगीचा अर्ज जातो तो विश्वस्तांच्या ठरावाने, आणि ठराव होतो तो ज्यांची नावे नोंदीवर आहेत त्यांच्या सहीने. विश्वस्त बदलला की नव्वद दिवसांत बदल अर्ज दाखल करावा लागतो. कित्येक संस्थांत तो वर्षानुवर्षे दाखलच होत नाही; कागदावर दिवंगत माणसे विश्वस्त असतात आणि प्रत्यक्ष कारभार कोणा एका घराकडे जातो. वाईट हेतू असतोच असे नाही. पुष्कळदा नुसता आळस असतो, पण त्याचा फायदा घेणारा माणूस आळशी नसतो.

विनाअनुदानित शाळांचे निराळे आहे. तेथे २०११ च्या शुल्क विनियमन कायद्याने पालक-शिक्षक संघाच्या कार्यकारी समितीला शुल्क ठरविण्यात वाटा दिला. समितीवरील पालक सोडतीने निवडावयाचे, व्यवस्थापनाने शुल्काचा प्रस्ताव वर्ष सुरू होण्यापूर्वी सहा महिने हिशेबासह ठेवावयाचा, एकदा ठरलेले शुल्क दोन वर्षे कायम. सोडतीत नाव निघालेली आई समितीच्या बैठकीला बसते तेव्हा समोर ताळेबंद असतो, आणि तो तिला वाचता येत नाही म्हणून ती सही करून उठते. शिवणाचा, स्वयंपाकाचा, सायकलीचा वर्ग काढणाऱ्या आपल्या संस्थांनी पालक मातांसाठी ताळेबंद वाचण्याचा दोन दिवसांचा वर्ग कधी काढला आहे काय? जमा-खर्च आणि उत्पन्न-खर्च यांतील फरक, कायम निधी म्हणजे काय, विशिष्ट हेतूसाठी आलेली देणगी चालू खर्चाला का वापरता येत नाही, घसारा कशासाठी धरतात, हे समजावयास दोन दिवस पुरतात. घरचा हिशेब सांभाळणाऱ्या बाईला तर एकच पुरेल.

शालेय समितीचेही असेच. नियमानुसार तिच्यात व्यवस्थापनाचे प्रतिनिधी असतात, शिक्षकांचा प्रतिनिधी असतो आणि मुख्याध्यापक तिचे पदसिद्ध चिटणीस असतात. ही समिती वर्षातून किती वेळा बसली, इतिवृत्त कोणी लिहिले आणि त्यावर शिक्षिकेने कधी एखादे मत नोंदविले काय, हे पाहिले की शाळेची प्रकृती कळते. मुलींच्या शाळेच्या कार्यकारिणीत स्त्रिया किती, हा प्रश्न तर विचारावयासही संकोच वाटतो, इतकी त्याची उत्तरे ठरलेली आहेत. रमाबाई अध्यक्षा होत्या. त्यानंतर शंभराहून अधिक वर्षे लोटली.

संस्थेचे वर्ष एकतीस मार्चला संपते. त्यानंतर सहा महिन्यांच्या आत हिशेब तपासून व्हावयाचे असतात. तोवर जून उजाडतो, प्रवेश होतात, नव्या मुली पहिल्या बाकावर येऊन बसतात. तपासलेल्या हिशेबाची एक प्रत त्याच फलकावर लावावी, ज्यावर दहावीच्या गुणवंत मुलींची नावे लागतात. फलकावर जागा आहे. आणि आज येथे बसलेल्यांपैकी ज्यांनी आपल्या शाळेची वार्षिक वर्गणी गेली पाच वर्षे भरलेली नाही, त्यांनी ती उद्या कार्यालयात जाऊन भरावी, पावती मागून घ्यावी आणि सभासदांच्या यादीत आपले नाव अजून आहे काय, हे पाहून यावे.