परदेशातील शेजार आणि आपली सावधगिरी
(मोरा येथील वार्षिक संमेलनात दिलेले भाषण)



मोरा बंदरातून लाँचने भाऊच्या धक्क्याला जाणे हा आपला नित्याचा प्रवास. परंतु आता आपल्या किनाऱ्यावरील तरुण आखाती देशांपर्यंत नोकरीस जातात. घरच्यांशी बोलताना ते म्हणतात, ‘इथली माणसे फार चांगली आहेत.’ तरीही आईच्या जिवाचा घोर काही केल्या जात नाही. आमच्या मते मुलगाही खरे बोलतो आणि आईही चुकत नाही.

अरबांची व आपली ओळख आजकालची नव्हे. कुवेतची शिडाची गलबते खजूर आणि मोती घेऊन मुंबईस येत व येथील सागवान घेऊन परत जात. १९६१ पर्यंत तेथील बाजारात रुपयाच चालत असे. तेव्हा तिकडचा शेजारी आपल्या मुलास आपुलकीने घरी बोलावीत असेल, तर त्यात नवल ते काय? अशा माणसांकडे संशयाने पाहणे हा कृतघ्नपणाच होय.

परंतु २ ऑगस्ट १९९० रोजी इराकी फौजा कुवेतमध्ये शिरल्या आणि चांगला शेजारी स्वतःच निराधार झाला. बँकांची दारे बंद झाली, कित्येक मालक देश सोडून गेले. जो स्वतःच बुडत आहे, त्याने दुसऱ्यास हात कसा द्यावा? त्या समयी आपल्या लोकांनी समित्या स्थापून एकमेकांस सावरले. हजारो माणसे इराकमार्गे जॉर्डनची राजधानी अम्मान येथे पोहोचली. तेथून एअर इंडियाच्या विमानांनी सुमारे दोन महिन्यांत १,७०,००० हून अधिक भारतीयांस मायदेशी आणले. पुढे २०१५ साली येमेनमधील युद्धात आपल्या नौदलाच्या जहाजांनी एडनहून आपल्या लोकांची सुटका केली, तेव्हा इतर देशांच्या नागरिकांनाही सोबत घेतले. शेजारधर्म तो हाच.

यातून आम्ही एवढेच घ्यावयाचे की, जिव्हाळा माणसांशी असावा, पण भिस्त कागदपत्रांवर व संघटनेवर असावी. परदेशी जाणाऱ्याने सरकारी परवाना असलेल्या एजंटाकडूनच जावे. पासपोर्टाची व करारपत्राची एक प्रत घरी ठेवावी. तेथे पोहोचताच भारतीय वकिलातीत नाव नोंदवावे. आणि मंडळास आमची नम्र सूचना अशी की, परदेशी असलेल्या प्रत्येक ज्ञातिबांधवाचे नाव, पासपोर्ट क्रमांक, मालकाचा पत्ता व जवळच्या नातलगाचा फोन यांची एक नोंदवही ठेवावी आणि ती दरवर्षी तपासावी. ती वही उघडण्याचा प्रसंग कधीही न येवो. परंतु आलाच, तर त्या रात्री कोणा आईला दारोदार विचारीत फिरावे लागू नये.