रक्ताला जात नाही, पण रक्ताची तपासणी हवी

(लोधिवली येथील विहारात वर्षावासाच्या व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



समितीने आम्हाला विषय दिला, 'विज्ञान आणि आपले जीवन'. आम्ही काही कॉलेजात शिकलेले नाही. नववीत शाळा सुटली आणि गिरणी धरली. तीस वर्षे साच्यावर काढली. जे वाचले ते पाळी सुटल्यावर, वाचनालयातून पुस्तके आणून, अडले तर एखाद्या मास्तरांना विचारून वाचले. तेव्हा आज आम्ही फक्त एकाच गोष्टीवर बोलणार आहोत. ती म्हणजे रक्त. कारण या रक्तावरून आमच्याच घरात आमच्याच हातून मोठी चूक होता होता राहिली.

काही वर्षांपूर्वी आमच्या पुतण्याची सोयरीक चंद्रपूरकडच्या एका मुलीशी जुळली. मुलगी शिकलेली, नर्सिंगचा कोर्स केलेली. साखरपुड्याच्या आधी तिच्या वडिलांनी स्वतःहून सांगितले, "आमची मुलगी सिकलसेलची वाहक आहे. तिला त्रास काही नाही. पण तुम्हाला माहीत असावे." अशा सरळ माणसाचा हात धरायला हवा होता. आम्ही काय केले? घरात कुजबुज सुरू झाली. रक्तात दोष आहे, वंश बिघडेल, लोक काय म्हणतील. आणि बंधूंनो, "सोयरीक मोडा" असे पहिल्यांदा म्हणणारे आम्हीच होतो! सभेत उभे राहून 'रक्ताला जात नसते' म्हणणारे आम्ही!

त्या मुलीने पुतण्याला एकच प्रश्न विचारला. "माझी तपासणी झाली आहे. तुमची झाली आहे का?" आमच्याकडे उत्तर नव्हते. त्या रात्री लाज वाटली आणि आम्ही पुन्हा पुस्तके काढून बसलो. त्यातून जे समजले ते आज तुमच्यापुढे ठेवतो.

आधी हे पाहू की शरीर कशाचे बनले आहे. घर विटांचे, कापड सुताचे, तसे शरीर पेशींचे. पेशीत बरेचसे पाणी, आणि बाकी मुख्यतः चार प्रकारचा माल. साखर आणि पिष्ट हा एक. तेल-तुपासारखे स्निग्ध पदार्थ हा दुसरा, त्यांचाच दुहेरी पापुद्रा पेशीला बाहेरून वेढून असतो. तिसरा प्रथिने. आणि चौथा न्यूक्लिक आम्ले, ज्यात डीएनए येतो.

आपल्या कर्जत-खालापूरचा भात घ्या. तांदळातले पिष्ट म्हणजे ग्लुकोज नावाच्या साखरेच्या कड्यांची लांब साखळी. घास पुष्कळ वेळ चावला की गोड लागतो, कारण लाळ ती साखळी तोडू लागते. आता गंमत ऐका. गिरणीत आम्ही जन्मभर जो कापूस हाताळला तोही ग्लुकोजचीच साखळी आहे. कडी तीच, फक्त कडीला कडी जोडण्याची रीत वेगळी. म्हणून भात पचतो आणि सदरा पचत नाही. बैल पेंढा पचवतो तो त्याच्या पोटातल्या सूक्ष्म जंतूंच्या मदतीने. म्हणजे माल कोणता, एवढ्यावर भागत नाही. तो कसा जोडला, यावर सगळे अवलंबून.

प्रथिनांचेही तसेच. त्यांच्या कड्यांना अमिनो आम्ले म्हणतात. आपल्या शरीराची प्रथिने अशा वीस प्रकारच्या कड्यांतून तयार होतात. त्यातल्या नऊ मोठ्या माणसाच्या शरीराला बनवता येत नाहीत, त्या अन्नातूनच याव्या लागतात. तांदळात लायसिन नावाची कडी कमी असते, ती डाळीत भरपूर. डाळीत मेथिओनिन कमी, ते तांदळात बरे. आपल्या आयांनी कोणतेही पुस्तक न वाचता वरण-भात एकत्र केला, त्यात हे गणित बसले आहे. डाळ असो, सुकट असो, अंडे असो, पोटात गेल्यावर त्याच्या कड्या सुट्या होतात आणि आपले शरीर त्यांतून आपली प्रथिने पुन्हा विणते.

पण विणायचे कसे, हे कोण सांगते? साच्यावर जेकार्ड असते, हे गिरणीतल्या मंडळींना ठाऊक आहे. भोके पाडलेली कार्डे असतात. भोक जिथे, तशी ताण्याची तार उचलली जाते आणि कापडावर नक्षी उतरते. डीएनए म्हणजे शरीराचे कार्ड. त्यावर चारच अक्षरे आहेत: ए, टी, जी आणि सी. त्यातली तीन-तीन अक्षरे मिळून एक शब्द होतो, आणि तो शब्द सांगतो की आता कोणती कडी जोडायची. ही भाषा उलगडणाऱ्यांत डॉ. हरगोविंद खुराना हे आपल्या मातीतले शास्त्रज्ञ होते. आज पाकिस्तानात असलेल्या रायपूर नावाच्या लहानशा खेड्यात, एका पटवाऱ्याच्या घरी ते जन्मले. 1968 साली त्यांना दोन सहकारी शास्त्रज्ञांसह नोबेल पारितोषिक मिळाले. खेड्यातल्या मुलांनी हे नाव लक्षात ठेवावे.

आता रक्ताकडे येऊ. रक्ताच्या तांबड्या पेशीत हिमोग्लोबिन नावाचे प्रथिन असते. फुप्फुसातून प्राणवायू उचलायचा आणि अंगभर पोचवायचा, हे त्याचे काम. त्यात चार साखळ्या असतात, दोन अल्फा आणि दोन बीटा. अल्फात 141 कड्या, बीटात 146. सिकलसेलमध्ये काय होते? बीटा साखळीतली सहावी कडी बदलते. ग्लुटामिक आम्लाच्या जागी व्हॅलिन बसते. 146 मधली एक कडी! आणि कार्डावर पाहिले तर एकच अक्षर. 'जीएजी' असायचे तिथे 'जीटीजी' झाले.

एवढ्याने काय बिघडते? ग्लुटामिक आम्ल पाण्याशी जमवून घेणारे, तर व्हॅलिन तेलासारखे पाण्यापासून दूर राहणारे. त्यामुळे प्राणवायू सोडल्यावर ही हिमोग्लोबिने एकमेकांना चिकटून दोरखंड होतात. मऊ, गोल तांबडी पेशी ताठ होते आणि विळ्यासारखी वाकते. इंग्रजीत विळ्याला सिकल म्हणतात, म्हणून नाव सिकलसेल. अशा पेशी बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात, मग हाडे-सांधे असह्य दुखतात. चांगली तांबडी पेशी सुमारे 120 दिवस टिकते, ही दहा-वीस दिवसांत फुटते. म्हणून रक्त कमी पडते, डोळे पिवळे दिसतात. लहान मुलांचे हातपाय सुजतात, ताप-खोकला वारंवार होतो.

आमच्याबरोबर भंडाऱ्याकडचे एक साचेवाले होते. त्यांची मुलगी थंडी पडली की रात्र-रात्र विव्हळायची. कोणी म्हणाले बाहेरचे आहे, कोणी म्हणाले मागच्या जन्माचे पाप. उतारे झाले, गंडे-दोरे झाले, पगार संपला. रक्ताची तपासणी झाली ती पोर बारा वर्षांची झाल्यावर. आम्ही विचारतो, जेकार्डच्या कार्डात एक भोक चुकले तर साचेवाल्याने पाप केले का? कापडाने पाप केले का? चूक कार्डात आहे. ती ओळखता येते आणि तिच्यावर उपायही करता येतो.

शास्त्रज्ञांनाही हे एका दिवसात सापडलेले नाही. 1910 साली शिकागोच्या डॉ. हेरिक यांनी एका विद्यार्थ्याच्या रक्तात विळ्याच्या आकाराच्या पेशी पाहिल्याचे प्रसिद्ध केले. 1949 मध्ये लायनस पॉलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले की दोष खुद्द हिमोग्लोबिनच्या रेणूत आहे. 1956 मध्ये केंब्रिजला व्हर्नन इन्ग्रॅम यांनी हिमोग्लोबिनचे तुकडे करून ते ओल्या कागदावर पसरवले आणि नेमका कोणता तुकडा वेगळा ते शोधले. आपल्या देशात 1952 साली निलगिरीच्या आदिवासींत हा आजार प्रथम नोंदला गेला. महाराष्ट्रात तो गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, भंडारा, नागपूर, अमरावती, नंदुरबार या भागांत जास्त दिसतो. आदिवासींत आहे, आपल्या बौद्ध समाजात आहे, कुणबी-तेली समाजातही आहे. ही गोष्ट लपवून आपलेच नुकसान होते.

मग हा आपल्या जातीचा रोग आहे का? मुळीच नाही! हा आजार आफ्रिकेत आहे, अरबस्तानात आहे, ग्रीसमध्ये आहे. 1954 साली अँथनी ॲलिसन यांनी पूर्व आफ्रिकेत दाखवून दिले की ज्याच्याकडे हा दोष एकेरी आहे, त्याला जीवघेण्या हिवतापापासून बरेच संरक्षण मिळते. म्हणजे जिथे डास आणि हिवताप, तिथे पिढ्यान्‌पिढ्या हे वाहक जास्त जगले. हा जंगलाचा आणि हिवतापाचा इतिहास आहे, जातीचा नाही. बाबासाहेबांनी 1936 सालीच 'ॲनिहिलेशन ऑफ कास्ट'मध्ये बजावले होते की जातीची विभागणी ही वंशाची विभागणी नव्हे. वासेट्ठ सुत्तात तथागतांनीही सांगितले की पशू-पक्ष्यांत जन्माने जशा वेगळ्या खुणा असतात तशा माणसामाणसांत नसतात. आज डीएनएची अक्षरे वाचल्यावर हेच दिसते. चार अक्षरे सर्वांची तीच, वीस कड्या सर्वांच्या त्याच.

आता सर्वांत महत्त्वाचा हिशोब, आणि तो तरुणांनी नीट ऐकावा. प्रत्येकाकडे या कार्डाच्या दोन प्रती असतात, एक आईकडून, एक वडिलांकडून. दोन्ही चांगल्या, तो 'एए'. एक चांगली, एक चुकीची, तो 'एएस', म्हणजे वाहक. वाहक सहसा ठणठणीत असतो, कामधंदा करतो. दोन्ही चुकीच्या, तो 'एसएस', म्हणजे रुग्ण. आई-वडील दोघेही वाहक असतील तर प्रत्येक बाळंतपणात चारात एक शक्यता बाळ रुग्ण असण्याची, चारात दोन वाहक असण्याची, आणि चारात एक पूर्ण मुक्त असण्याची. 'पहिले रुग्ण झाले, आता पुढची तीन सुटली' असे समजू नका. दर वेळी हिशोब नव्याने मांडला जातो. पण एक जोडीदार वाहक आणि दुसरा 'एए' असेल तर सिकलसेलचा रुग्ण जन्माला येत नाही. बाळ फार तर वाहक होईल.

म्हणजे आम्ही जी सोयरीक मोडायला निघालो होतो, तिथे प्रश्न मुलीचा नव्हताच. प्रश्न आमच्या पुतण्याच्या तपासणीचा होता! पुतण्याने तपासणी केली. डॉक्टरांनी सांगितले की थॅलसेमियाचा वाहकही पाहावा लागतो, कारण एकाकडे सिकलसेल आणि दुसऱ्याकडे थॅलसेमिया असला तरी बाळाला आजार होऊ शकतो. तेही पाहिले. मुलगा दोन्हीतून मुक्त निघाला. लग्न याच विहारात झाले. आज त्यांना एक मुलगी आहे. ती आईसारखीच वाहक आहे आणि अंगण डोक्यावर घेते. लग्नाआधी आम्ही सूनबाईच्या वडिलांची माफी मागितली, आणि आज तुम्हा सर्वांसमोर सूनबाईची मागतो.

तपासणी अवघड नाही. बोटातून थेंबभर रक्त घेऊन सोल्युबिलिटी चाचणी होते. द्रव गढूळ झाला की पुढची पक्की तपासणी करतात, त्यात वाहक की रुग्ण ते कळते. 1 जुलै 2023 रोजी सिकलसेल निर्मूलनाचे राष्ट्रीय अभियान सुरू झाले आहे, त्यात आदिवासी भागातल्या चाळीस वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी करण्याचे ठरले आहे. आपल्या भोवतीच्या ठाकूर-कातकरी वाड्यांवरच्या बांधवांनाही हे सांगितले पाहिजे. रुग्णालाही आज उपचार आहेत. डॉक्टरांच्या देखरेखीखाली हायड्रॉक्सियुरियाची गोळी, लसी, फॉलिक आम्ल, भरपूर पाणी, थंडीपासून जपणे, याने दुखण्याचे झटके कमी होतात. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात सिकलसेलचा समावेश आहे. 2023 च्या अखेरीस इंग्लंड-अमेरिकेत जनुकात बदल करून करायच्या उपचारालाही मान्यता मिळाली. तो फार महाग आहे, पण वाट उघडली आहे.

शेवटी समितीला आमच्या तीन विनंत्या. एक, वर्धापनदिनाला रक्ततपासणीचे शिबिर सरकारी दवाखान्याच्या मदतीने भरवावे. दोन, तपासणी मुलगा आणि मुलगी दोघांची व्हावी. एकट्या मुलीला उभे करणे हा अन्याय आहे. तीन, निकाल ज्याचा त्यालाच सांगावा, चावडीवर येऊ नये. आणि पालकांनो, निकाल पाहून सोयरीक मोडायची घाई करू नका, आधी डॉक्टरांना विचारा. दोघेही वाहक निघाले तरी गरोदरपणात लवकर तपासणी करता येते. निर्णय त्या दोघांचा, सल्ला डॉक्टरांचा.

बाबासाहेबांनी शिका म्हणून सांगितले. आम्ही उशिरा शिकलो. तुम्ही वेळेवर शिका, एवढेच सांगून थांबतो.

नमो बुद्धाय! जय भीम!