सावड की वेठ?

संगणकाच्या पडद्यावर कला घडवणाऱ्या मित्रमैत्रिणींनो,

आपण कर्जतला जमलो आहोत, म्हणून आधी स्टेशनाबद्दल बोलतो. पुण्याकडे निघालेल्या बहुतेक गाड्यांना इथे मागून बँकर इंजिने जोडतात. 37 मीटर पुढे जाताना 1 मीटर वर चढायचे, असा बोरघाटाचा चढ. इंजिने गाडी वर ढकलतात, तिथे सुटतात आणि पुढच्या गाडीसाठी खाली येतात. दिवसभर हेच. कुठेही न पोहोचणाऱ्या या इंजिनांमुळे प्रवासी पोहोचतात.

पडद्यावरच्या कलेतही असे न संपणारे श्रम असतात. जून 2024 मध्ये नोलन रॉयल्टी या प्रोग्रामरने ‘वन मिलियन चेकबॉक्सेस’ सुरू केले. पडद्यावर दहा लाख चौकटी. तुम्ही एका चौकटीत खूण केली की ती जगभर दिसायची आणि कोणीही ती पुसू शकायचे. दोन आठवड्यांत कोट्यवधी खुणा झाल्या, पुसल्या गेल्या, पुन्हा झाल्या. कोणी म्हणेल, हाती काय लागले? पण काही किशोरवयीन मुलांनी त्या खुणांच्या शून्य-एकमधून गुप्त संदेश लिहिले. त्यातून ती एकमेकांना सापडली. घडवणाऱ्याच्या मनात नसलेला अर्थ सहभागी झालेल्यांनी घातला. अशा कलेचे मोल मला तिथे दिसते.

न संपणाऱ्या सामूहिक श्रमासाठी आपल्या भाषेत दोन शब्द आहेत. एक सावड. राब भाजा, चिखलणी करा, लावणी करा. कापणीनंतर शेत पुन्हा मोकळे, पुढच्या पावसात पुन्हा तेच. तरी ते ओझे होत नाही, कारण आज मी तुझ्या शेतावर, उद्या तू माझ्या. दुसरा शब्द वेठ. उचल घेऊन वीटभट्टीवर गेलेल्या कर्जत-खालापूरच्या कातकरी कुटुंबाला तो समजावून सांगावा लागत नाही. हजारो विटा पाडूनही उचल फिटत नाही आणि पुढच्या हंगामात पुन्हा भट्टी गाठावी लागते. हात तेच, चिखलही तोच. फरक आहे तो पाळीचा: सावडीत ती फिरून आपल्याकडे येते, वेठीत कधीच येत नाही.

बोरघाटातला हा रेल्वेमार्ग 1856 ते 1863 या काळात बांधला गेला. एका वेळी चाळीस हजारांहून अधिक मजूर राबत होते, हजारो अपघाताने आणि रोगराईने गेले. ठेकेदार सॉलोमन ट्रेडवेल आणि त्याच्यामागे काम पुढे नेणारी त्याची पत्नी अ‍ॅलिस, यांची नावे इतिहासात आहेत. सुरुंग लावणाऱ्यांची नाहीत. आज पडद्यावर लाखोंना बोलावणारा कलावंत त्यांना ‘वापरकर्ते’ म्हणून मोजतो आणि कलाकृतीखाली स्वतःची सही करतो, तेव्हा मला तोच घाट आठवतो.

म्हणून माझे मागणे तीन गोष्टींचे आहे. सहभागी झालेल्यांची नावे, त्यांची इच्छा असेल तर, कृतीत नोंदवा. केव्हाही थांबण्याचा त्यांचा हक्क राखा. आणि त्यांच्या श्रमातून जे उभे राहील, ते त्यांना परत वापरता येईल असे मोकळे ठेवा.

कृती संपली नाही तरी चालेल. रोज पुसली गेली तरी चालेल. उंबऱ्यावरची रांगोळी रोजच पुसली जाते, पण ती कोणाची हे घराला ठाऊक असते. मित्रहो, लोकांना सावडीला बोलवा, वेठीला नको. आणि ज्याला आज हाक माराल, उद्या त्याच्या शेतावर जायची तयारी ठेवा.