अनेक कारखाने, एक मागणी
(वार्षिक संमेलनाच्या उद्योगविषयक बैठकीत केलेले भाषण)



आपल्यांपैकी पुष्कळांचे कारखाने लहान आहेत. कोणाकडे दोन लेथ, कोणाकडे रंगकामाची शेड, कोणाकडे केवळ जुळणीचे काम. मोठी मागणी आली की ती एकट्यास पेलत नाही, आणि नाकारली तर ते गिऱ्हाईक पुन्हा फिरकत नाही. अशा वेळी चार गावच्या चौघांनी त्या मागणीपुरते एक व्हावे आणि माल पोहोचताच आपापल्या वाटेने जावे, या तात्पुरत्या संघास आजकाल ‘आभासी उद्योगसंस्था’ म्हणतात. नाव आम्हांस फारसे रुचत नाही. यात श्रम खरे, भांडवल खरे आणि बुडीतही खरे; नसते ती फक्त एक इमारत आणि एक पाटी. हा संघ ज्या सामाईक दळणवळणाने चालावयाचा, आणि ज्या संगणकीय अडत्यांच्या, म्हणजे सॉफ्टवेअर एजंटांच्या, हाती त्यातील बोलणी द्यावयाची, त्यांचा विचार आज करावयाचा आहे.

इटलीत फ्लॉरेन्सजवळ प्रातो नावाचे लोकरी कापडाचे नगर आहे. चौदाव्या शतकात तेथील फ्रांचेस्को दातीनी या व्यापाऱ्याच्या पेढ्या आव्हीन्यो, पिसा, जिनोवा, बार्सिलोना अशा दूरदूरच्या शहरी होत्या, आणि हा सारा पसारा तो पत्रांनी सांभाळी. १४१० साली तो वारला. त्याची सुमारे दीड लाख पत्रे व पाचशेहून अधिक वह्या आजही जपून ठेवलेल्या आहेत. पेढीपेढीत हिशेबाची रीत आणि पत्राची भाषा एक असल्यावाचून हे साधते ना, हे वेगळे सांगावयास नको.

त्याच प्रातोत दुसऱ्या महायुद्धानंतरच्या मंदीत मोठ्या गिरण्या फुटल्या आणि माग कामगारांच्या हाती गेले. कातणारा वेगळा, विणणारा वेगळा, रंगारी वेगळा, असे सहस्रावधी लहान धंदे उभे राहिले. त्यांना एका सूत्रात ओवणारा जो मध्यस्थ, त्यास तेथे ‘इम्पान्नातोरे’ म्हणतात. त्याच्याजवळ बहुधा एकही यंत्र नसते. कोणाचा हात कशात बसला आहे आणि कोणाचा माग आज रिकामा आहे, हे ज्ञान हेच त्याचे भांडवल. तो मागणी आणतो, नमुना ठरवितो, काम वाटून देतो.

१९८०च्या दशकात या सर्वांना संगणकाच्या तारेने जोडण्याची एक योजना सरकारी संशोधनसंस्थेच्या साहाय्याने तेथे सुरू झाली. यंत्रणा तांत्रिक दृष्ट्या चांगली होती, तरी लोकांनी ती फारशी स्वीकारली नाही. १९९८ साली या अपयशावर एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्याचा आशय असा, की प्रत्येकजण प्रत्येकास फसविण्यास टपला आहे असे गृहीत धरून योजना आखली गेली होती. उलट ते नगर ओळखीवर आणि दिल्या शब्दावर चालत होते. जे काम चहाकॉफीच्या पेल्यावर होत होते, त्यासाठी वर्गणी भरून पडद्यापुढे कोण बसणार? हे वाचून आपल्या मंडळींना आनंद होईल, कारण ओळख आणि शब्द यांची आपल्या ज्ञातीत वाण नाही. पण जरा थांबावे. ओळखीचा विश्वास ओळखीच्या कुंपणापर्यंतच पोहोचतो. १९९०नंतर त्याच प्रातोत चिनी कारागीर मोठ्या संख्येने आले, तयार कपड्यांचा त्यांचा स्वतंत्र उद्योग वाढला, आणि जुन्या व नव्या उद्योगांत दीर्घकाळ अंतरच राहिले. आपणांसही सुटे भाग लागतात ते केवळ ज्ञातिबांधवांकडून मिळत नाहीत.

म्हणून अनोळखी माणसांतही चालेल अशी बोली हवी. १९८० साली रीड स्मिथ या संशोधकाने संगणकांना काम वाटून घेण्याची एक पद्धत मांडली. एकाने काम पुकारावे, ज्यांना जमेल त्यांनी बोली लावावी, आणि पुकारणाऱ्याने योग्य वाटेल त्यास काम द्यावे. आपल्या बाजारसमितीतील लिलाव पाहिलेल्यास यात नवल वाटणार नाही. पुढे १९९६ साली स्थापन झालेल्या फिपा या संस्थेने अशा अडत्यांच्या संदेशांचे प्रकारच नेमून दिले: विनंती, होकार, नकार, प्रस्ताव, खबर. ‘पाहू, करू’ हा आपला लाडका संदेश त्यांत नाही, ही गोष्ट आम्ही मुद्दाम नमूद करतो.

तथापि अडत्याला मोकळे सोडणे धोक्याचे. २०११ साली ॲमेझॉनवर माशीविषयीच्या एका शास्त्रीय ग्रंथाची किंमत २ कोटी ३६ लाख डॉलरांवर गेली. कारण दोन विक्रेत्यांच्या आज्ञावल्या. एक आपली किंमत दुसऱ्याच्या ०.९९८३ पट ठेवी, दुसरी पहिल्याच्या सुमारे १.२७ पट ठेवी. म्हणजे प्रत्येक फेरीस सुमारे २७ टक्के वाढ. दोन्ही आज्ञावल्या आपापल्या हुकुमाशी प्रामाणिक होत्या. मर्यादा घालण्याचे काम मालकांचे होते, ते राहून गेले.

आज साधने पुष्कळ झाली आहेत. आपल्या देशात २०२१च्या अखेरीस ओएनडीसी ही संस्था नोंदली गेली. तिच्या जाळ्यात खरेदीदाराचे ॲप एकाचे आणि विक्रेत्याचे दुसऱ्याचे असले तरी व्यवहार होतो, कारण दोघांतील संदेशांचे नियम खुले आहेत. २०२५ साली गूगलने अडत्या-अडत्यांतील बोलण्यासाठी एक नियमावली प्रसिद्ध केली आणि त्याच वर्षी ती लिनक्स फाउंडेशनकडे सोपविली. उणीव साधनांची राहिलेली नाही.

आपल्या तरुण सभासदांनी आणलेल्या सामाईक यंत्रणेच्या ठरावास आमचा पाठिंबा आहे, परंतु अटींसह. कोणत्या रकमेपर्यंत अडत्याने परस्पर शब्द द्यावा, हे प्रत्येक मालकाने स्वतः लिहून द्यावे. त्यावरील प्रत्येक होकार माणसाचाच असावा. झालेल्या प्रत्येक संदेशाची नोंद मंडळापाशी न राहता त्या त्या व्यवहारातील सर्व पक्षांपाशी सारखी राहावी. नाहीतर उद्या मंडळच इम्पान्नातोरे होऊन बसेल, आणि तेही यंत्रावर कधी हात न ठेवलेले. एखाद्याने माल वेळेवर न दिल्यास भरपाई कोणी द्यावयाची, याविषयी ठरावाच्या मसुद्यात एक अक्षरही नाही. ते कलम सायंकाळच्या बैठकीपूर्वी लिहिले जावे, आणि ज्ञातीबाहेरील कारखानदारांसही तेच कलम लागू असावे, अशी आमची सूचना आहे.