मांजर घरात, सोफाही घरात

(समुदाय रेडिओवरील भाषण)

काही जणींचं जेवणखाण उरकलं असेल, काही जणी अजून भाकऱ्या थापत असतील. हात चालू द्या, कान तेवढे इकडे द्या.

आजचा विषय ऐकून काही जणींना हसू येईल. विषय आहे मांजरानं सोफ्यावर काढलेले ओरखडे. गटाच्या बैठकीत बचत जमा झाली, हप्ते लिहून झाले, सह्या-अंगठे झाले की बाया मोकळ्या होऊन घरचं बोलतात. तिथं हा विषय पुन्हा पुन्हा निघतो. "मांजरानं सोफ्याची पार चाळण केली. घरातले म्हणतात, त्याला पोत्यात घालून लांब सोडून ये. आता काय करू?"

हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. आपल्या घरात सोफा सहज येत नाही. कुणी दुधाच्या पैशातून घेतलेला असतो, कुणी हप्त्यावर, कुणी लेकाच्या सोयरिकीची बोलणी करायला पाहुणे येणार म्हणून. त्याचे हप्ते फिटायच्या आत त्यावर चार चिरा पडल्या की जीव तुटतो. दुसरीकडे मांजर. ज्वारीची पोती, पुढच्या पेरणीचं बियाणं, उन्हाळ्यात घातलेले पापड, कुरडया, शेवया या सगळ्यांची रखवाली ते बिनपगारी करतं. आणि बोल कुणाला लागतो? बाईला. "तूच दूध घालून लाडावून ठेवलंस." म्हणजे सोफा फाटला तरी तिची चूक आणि मांजर गेल्यावर उंदरांनी बियाणं फोडलं तरी तिचीच चूक.

आमच्या ओळखीच्या एका घरात असंच झालं. सोफ्याच्या हातावर ओरखडे दिसले आणि मांजराला बाजाराच्या गावी नेऊन सोडलं. पावसाळा लागला, उंदीर घरात शिरले. त्यांनी सोफ्याच्या खालचं कापड कुरतडलं, आतला फोम पोखरला आणि तिथंच पिल्लं घातली. मांजरानं वरून चार रेघा मारल्या होत्या, उंदरांनी आतून सोफाच खाल्ला. म्हणून आमचं म्हणणं असं की, मांजर की सोफा हा प्रश्नच चुकीचा आहे. दोन्ही घरात राहू शकतात. आणि मांजराला अनोळखी जागी उपाशी मरायला सोडणं हा प्राणी क्रूरता प्रतिबंधक अधिनियम, १९६० खाली गुन्हाही आहे.

आता आधी हे समजून घेऊ की मांजर ओरखडतं कशासाठी. ते रागानं किंवा मुद्दाम नुकसान करायला ओरखडत नाही. त्याच्या नखावरचं जुनं टरफल सुटून खालचं नवं धारदार नख मोकळं व्हावं लागतं, म्हणून ते नखं घासतं. झोपून उठल्यावर आपण आळोखेपिळोखे देतो, तसं ते पुढचे पाय उंच रोवून पाठ ताणतं. शिवाय त्याच्या पंजात वासाच्या ग्रंथी असतात. ओरखडलं की तिथं त्याचा वास लागतो. आपल्याला तो येत नाही, पण मांजराला येतो, आणि ही जागा आपली म्हणून ते परत परत तिथंच येतं. एकच कोपरा फाटत जातो त्याचं कारण हे.

म्हणजे ही खोड नाही, गरज आहे. मारून गरज जात नाही. मारलं तर मांजर तुमच्यासमोर ओरखडणार नाही, तुम्ही शेतावर गेल्यावर ओरखडेल. मग उपाय काय? त्या गरजेला दुसरी जागा द्यायची.

साधारण तीन फूट उंचीचा लाकडी खांब किंवा ओंडका घ्या. मांजर मागच्या पायांवर उभं राहून पूर्ण ताणलं जाईल एवढी उंची हवी. त्यावर काथ्याची दोरी किंवा जाड सुतळी घट्ट, एकाला एक लागून गुंडाळा. दोरी नसेल तर जुनं गोणपाट दुहेरी करून ठोका. चुका पूर्ण आत गेल्या पाहिजेत, टोक वर राहायला नको. खांब खाली रुंद, जड फळीवर पक्का बसवा. हे सगळ्यात महत्त्वाचं. एकदा जरी तो डुगडुगला किंवा अंगावर पडला, तरी मांजर पुन्हा त्याच्याकडे फिरकत नाही.

आता हा खांब ठेवायचा कुठं? बहुतेक जणी तो पडवीत नाहीतर न्हाणीच्या मागं ठेवतात आणि मग म्हणतात, मांजर जातच नाही. तो सोफ्याच्या फाटलेल्या कोपऱ्याला अगदी लागून ठेवा. पंजे धरून जबरदस्तीनं घासू नका. खांबावरून दोरी लोंबकळवून खेळवा, तिथंच भाकरीचा तुकडा नाहीतर सुकटीचं डोकं टाका. दोन-चार आठवडे सोफ्याच्या त्या कोपऱ्यावर गुळगुळीत जाड प्लास्टिक किंवा दोन्ही बाजूंनी चिकटणारी पट्टी लावून ठेवा. प्लास्टिकवर नख रुतत नाही आणि पंजाला चिकटलेलं मांजराला आवडत नाही. पट्टी लावण्याआधी एका कोपऱ्यात चिकटवून काढून बघा, रंग निघत नाही ना. मांजर खांबावर रुळलं की रोज वीतभर सरकवत खांब तुमच्या सोयीच्या जागी न्या. आणि सुतळी पिंजली म्हणून खांब फेकू नका. पिंजलेली सुतळीच त्याला जास्त आवडते.

काही गोष्टी मात्र करू नका. मांजर यायला नको म्हणून सोफ्याजवळ फिनाईल शिंपडू नका, डांबराच्या गोळ्या ठेवू नका. पंजाला लागलेलं मांजर चाटून काढतं आणि दोन्ही गोष्टी त्याला विषारी आहेत. रांगत्या लेकरांनाही त्या धोक्याच्याच. वास हवाच असेल तर संत्र्याची साल ठेवून बघा, बऱ्याच मांजरांना तो वास नको असतो. घरातच राहणारं मांजर असेल तर दोन-तीन आठवड्यांनी पुढच्या नखांचं फक्त पांढरं टोक कापता येतं. आतल्या गुलाबी भागात रक्तवाहिनी असते, तिथं लावायचं नाही. जे मांजर शिवारात फिरतं, त्याची नखं कापूच नका. कुत्रं मागं लागलं तर झाडावर चढायला त्याला तीच लागतात. आणि नखं मुळापासून काढून टाकायचा विचारही नको. मांजराचं नख बोटाच्या शेवटच्या हाडातून उगवतं. ते काढणं म्हणजे बोटाचं पेर तोडणं.

आता पडलेल्या ओरखड्यांचं बघू. दुरुस्तीला हात घालण्याआधी आपला सोफा कशाचा आहे ते ओळखा. दुकानदार सगळ्यालाच लेदर म्हणतो. आपल्याकडचे बरेच सोफे रेक्झिनचे असतात, म्हणजे कापडावर प्लास्टिकचा थर दिलेले. सोफा उलटा करा आणि कापलेली कड शोधा. आतल्या बाजूला विणलेलं कापड दिसलं तर ते रेक्झिन. मखमलीसारखी लव, तंतू दिसले तर खरं चामडं. काडी पेटवून जाळून बघायचं काही कारण नाही.

चामडं असेल आणि ओरखडा वरवरचा असेल, तर मऊ सुती कापड ओलं करून घट्ट पिळून पुसा. सावलीत वाळू द्या. मग चामड्यासाठी मिळणारं क्रीम कापडावर थोडंसं घेऊन गोल गोल चोळा. त्याला लेदर कंडिशनर म्हणतात. आधी सोफ्याच्या मागच्या, न दिसणाऱ्या भागावर लावून बघा. रंग काळवंडला नाही, तर पुढं. खोबरेल तेल लावू नका. त्यानं डाग पडतो, धूळ धरते, पुढं खवट वास येतो. रंगीत बूटपॉलिशही नको. ते बसणाऱ्याच्या लुगड्याला आणि पाहुण्यांच्या पांढऱ्या धोतराला लागतं.

ओरखडा खोल असेल, तंतू उभे राहिले असतील, तर ते ओढू नका. ओढलं की चीर वाढते. लहान कात्रीनं कापून बरोबर करा. भोक पडलं असेल तर आतून जाड कापडाचा तुकडा सरकवा, काडीच्या टोकानं चामड्याचा चिकटपदार्थ लावा, कडा एकमेकींना भिडवून दाबून धरा आणि वर आलेला चिकटा लगेच पुसा. यापेक्षा मोठं काम असेल तर ते चप्पल-जोडे करणाऱ्या कारागिराला दाखवा. चामडं त्यांच्या हाताला कळतं.

रेक्झिनची गोष्ट वेगळी. त्याला क्रीम लागत नाही, तेल मुरत नाही, कारण ते कातडं नव्हेच. वरचा थर फाटला की फाटला. लहान चिरेला आतून कापड लावून चिकटवणं, नाहीतर तेवढा भागच बदलणं, हे दोनच मार्ग. आणि इथं शिवणकाम येणाऱ्या आपल्या बायांना काम आहे. रेक्झिनला १८ नंबरची सुई घाला, धागा मजबूत घ्या आणि टाका लांब ठेवा. टाके जवळजवळ पडले की भोकांची रांग होते आणि तिकिटाच्या कागदासारखं ते तिथूनच फाटतं. टाचणी लावू नका, तिचं भोक कायमचं राहतं. कपड्याचे चिमटे लावा. रेक्झिन मशीनच्या पायाला चिकटत असेल तर वर पातळ कागदाची पट्टी ठेवून शिवा आणि नंतर कागद फाडून काढा. सोफ्याच्या हातांना घालायच्या खोळी तर कुणीही शिवू शकेल. कापड जाड आणि घट्ट विणीचं घ्या, सैल विणीत नख अडकतं. गावात किती घरी फाटके सोफे आहेत ते मोजा, एक नमुना शिवून दाखवा आणि मगच गटातून कापडासाठी कर्ज उचला.

आता शेवटचं, आणि ते सगळ्यात जपून ऐका. सोफ्यावरून हाकलताना मांजर अंगावर येतं, लेकरांना बोचकारतं. सोफ्यावरचा ओरखडा राहिला तर राहिला. अंगावरचा ओरखडा सोडून द्यायचा नाही. रेबीज फक्त कुत्र्यापासून होतो असं नाही, मांजरापासूनही होतो. त्याची लक्षणं दिसू लागली की माणूस जवळपास कधीच वाचत नाही. पण वेळेवर लस घेतली तर तो टळतो.

म्हणून बोचकारल्याबरोबर जखम वाहत्या पाण्याखाली साबण लावून १५ मिनिटं धुवा. घड्याळ लावून १५ मिनिटं. त्यावर हळद, चुना, तिखट, तंबाखू काही भरू नका. पट्टी घट्ट बांधू नका. त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात जा. सरकारी दवाखान्यात ही लस मोफत मिळते. रक्त आलं असेल तर जखमेत वेगळं औषधही टोचावं लागतं. ते तिथं नसेल तर मोठ्या रुग्णालयात पाठवतील. कंटाळा न करता जा. लसीचे सगळे डोस कार्डावरच्या तारखांना पूर्ण करा. जखम बुजली म्हणून मधेच सोडू नका. लेकरं मार बसेल म्हणून बोचकारलेलं लपवतात. त्यांना सांगून ठेवा, की सांगितलंस तर रागावणार नाही. आणि आपल्या मांजरालाही रेबीजची लस टोचून घ्या. पशुवैद्यकीय दवाखान्यात चौकशी करा.

तर मैत्रिणींनो, या आठवड्यात तीन कामं करू. सोफ्याच्या फाटक्या कोपऱ्याशी सुतळीचा खांब उभा करू. सोफा उलटा करून तो कशाचा आहे ते बघू. आणि आरोग्य केंद्रात लस कोणत्या वेळी देतात ते आशाताईंना विचारून भिंतीवर लिहून ठेवू. पुढच्या बैठकीत प्रत्येक गटानं सांगायचं, कुणाच्या मांजरानं खांब धरला आणि कुणाच्या नाही. नाही धरला तर जागा बदलून बघू, दोरी बदलून बघू. दहा जणी मिळून बघितलं की एकीला तरी मार्ग सापडतो, गट त्यासाठीच असतो.

आज इथंच थांबतो.