समुद्रावरचं संशोधन मुदखेडहूनही सुरू होतं



२०१५ साली प्रशांत महासागराचं पाणी तापलं, एल निनो आला आणि मराठवाड्यात पावसानं दगा दिला. पुढच्या एप्रिलात मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं. समुद्र आपल्यापासून इतका जवळ आहे! म्हणूनच मुदखेड-भोकरकडच्या एम.एस्सी. झालेल्या मुलामुलींना माझं कळकळीचं सांगणं आहे, की पीएच.डी.चा विचार करताना समुद्रविज्ञान सोडू नका.

‘आम्ही तो विषय शिकलोच नाही’ ही शंका मनातून काढा. प्रवाहांचा अभ्यास भौतिकशास्त्र आणि गणितवाले करतात, पाण्यात विरघळलेल्या कार्बनचा रसायनवाले, प्लवकांचा प्राणिशास्त्रवाले. सीएसआयआर-यूजीसी नेट आपापल्याच विषयातून द्या. जेआरएफ ही अधिछात्रवृत्ती मिळाली, की पहिली दोन वर्षं दरमहा ३७,००० रुपये आणि वर घरभाडं मिळतं. बार्टी, सारथी, महाज्योती या राज्य शासनाच्या संस्थांच्या अधिछात्रवृत्त्याही आहेत. त्यांच्या जाहिरातींवर लक्ष ठेवा.

जायचं कुठं? गोव्यात दोना पावलाला १९६६ साली स्थापन झालेली राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे. वास्कोला ध्रुवीय संशोधनाचं केंद्र, तर पुण्यात मान्सूनचा अभ्यास करणारी आयआयटीएम. आणि मुदखेडहून सिकंदराबादची गाडी धरली, की हैदराबादला समुद्राविषयी माहिती देणारी इन्कॉइस ही संस्था. तिथं समुद्रविज्ञानाचे छोटे प्रशिक्षणवर्गही होतात.

पण संस्थेच्या नावापेक्षा मार्गदर्शक महत्त्वाचा. त्यांचे अलीकडचे दोन-तीन शोधनिबंध वाचल्याशिवाय त्यांना लिहू नका. ‘सर, मला पीएच.डी. करायची आहे’ एवढ्याच मजकुराची पत्रं त्यांच्याकडे ढिगानं येतात. तुमचं पत्र वेगळं ठरावं यासाठी एक करा. समुद्रात आर्गो नावाची स्वयंचलित उपकरणं सोडलेली असतात. ती दोन हजार मीटर खोल जातात आणि साधारण दर दहा दिवसांनी वर येऊन तापमान व क्षारतेच्या नोंदी उपग्रहाकडे पाठवतात. या नोंदी कुणालाही फुकट मिळतात. थोडं पायथॉन शिका, बंगालच्या उपसागराचा वर्षभराचा आलेख काढा आणि त्यात तुम्हाला पडलेला प्रश्न पत्रात लिहा. कॉलेजच्या साध्या संगणकावर हे होतं.

मुलींच्या आई-वडिलांनो, जहाजावर जावं लागेल म्हणून पोरीला अडवू नका. नागपुरात जन्मलेल्या, पुणे विद्यापीठात शिकलेल्या अदिती पंत दोना पावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत होत्या. १९८३ साली निघालेल्या मोहिमेतून त्या अंटार्क्टिकावर गेल्या. भारतीय मोहिमेतून तिथं पोचलेल्या पहिल्या दोन महिलांपैकी त्या एक.

आता कामाचं एक. मुलाखतीचं बोलावणं अनेकदा थोड्याच दिवसांच्या मुदतीनं येतं, म्हणून कागदपत्रं आधीच तयार हवीत. केंद्राच्या संस्थांना ओबीसी दाखला केंद्राच्याच नमुन्यात लागतो, राज्याचा चालत नाही. तो नॉन-क्रिमीलेअरसह आजच काढून ठेवा.