टॅब घेतला, पण आधी फॉर्म बदलावा लागला

(या भागाचं हे शब्दांकन. बोलण्याची ढब शक्य तितकी तशीच ठेवली आहे.)

मागच्या भागानंतर बऱ्याच जणांनी एकच विचारलं, की तुम्ही क्लिनिकमध्ये टॅब वापरता म्हणता, तर त्याने खरंच वेळ वाचतो का? म्हणून आज फक्त त्याबद्दल बोलू. मी फिजिओथेरपिस्ट आहे. सातारा जिल्ह्यात माझं एका खोलीचं क्लिनिक आहे आणि आठवड्यातले दोन दिवस मी गावोगावी घरी जाऊन पेशंट बघते. तुम्ही वकील असाल, आहारतज्ज्ञ असाल, समुपदेशक असाल, तरी नव्या माणसाची माहिती घेणं आणि नंतर रिपोर्ट लिहिणं ही दोन कामं तुम्हालाही चुकलेली नाहीत.

सुरुवात एका प्रसंगाने करते. एक आजी आल्या होत्या, खांदा आखडलेला. सोबत सून. सुनेने बाहेर बसून आमचा कागदी फॉर्म भरला, रिसेप्शनवरच्या ताईंनी तो फाइलला लावला, मी वरवर नजर टाकली. तपासलं, आणि दुखणं कमी करायला आयएफटी लावायचं ठरवलं. आयएफटी म्हणजे विजेचा सौम्य प्रवाह देणारं मशीन. पॅड लावायला पदर जरा बाजूला घेतला, तर डाव्या कॉलर बोनच्या खाली एक चौकोनी उंचवटा.

“आजी, हे काय आहे?”

“ते व्हय? हृदयाचं मशीन हाय. दोन वर्षं झाली बसवून.”

पेसमेकर! पेसमेकर असलेल्या माणसाला असा प्रवाह द्यायचा नाही, हे आम्हाला कॉलेजातच घोकून घेतलेलं असतं. माझ्या हातातले पॅड हातातच राहिले. आजी गेल्यावर फॉर्म काढून पाहिला. पेसमेकरचा प्रश्न होता, पण पानाच्या मागच्या बाजूला, ३४ व्या क्रमांकावर. सुनेने पान उलटलंच नव्हतं. आणि खरं सांगायचं तर मीही उलटलं नव्हतं.

त्याच आठवड्यात टॅब घेतला.

पहिला महिना फुकट गेला

आता तुम्हाला वाटेल, टॅब आला आणि सगळं सुरळीत झालं. अजिबात नाही. मी काय केलं, तर तोच ४१ प्रश्नांचा कागदी फॉर्म जसाच्या तसा टॅबवर चढवला. लोकांना कागदाला जेवढा वेळ लागायचा, त्याहून जास्त लागायला लागला. बाहेर बाकावर रांग. त्यात बोट भलतीकडे लागलं की फॉर्म पुन्हा पहिल्यापासून.

आणि मग एक आजोबा आले. टॅब हातात दिला, पाच मिनिटांत परत. मी मनात म्हटलं, वा! उघडून बघते तर सगळ्या प्रश्नांना “नाही”. ब्लडप्रेशर नाही, शुगर नाही, ऑपरेशन नाही. आणि बाजूच्या कापडी पिशवीतून गोळ्यांची पाकिटं डोकावतायत. विचारलं तर म्हणाले, “चष्मा घरी राहिला, बाई.” पुढच्या वेळी चष्मा डोळ्यावर होता, तरी ते पडद्याकडे नुसते बघत राहिले. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. त्यांना वाचता येत नव्हतं, आणि चार लोकांत ते सांगणं त्यांना नको होतं.

म्हणजे कागदावर माहिती सुटत होती आणि टॅबवर ती चुकीची येत होती. वर टॅबवरची दिसायला इतकी नीटनेटकी, की तिच्यावर पटकन विश्वास बसावा. हे जास्त वाईट.

मग काय बदललं?

पहिलं म्हणजे प्रश्न कमी केले. प्रत्येक प्रश्नापुढे मी स्वतःला विचारलं: याचं उत्तर बदललं तर माझ्या उपचारात काही बदलेल का? नसेल तर काट मारली. ४१ चे १७ राहिले. वैवाहिक स्थिती आम्ही वर्षानुवर्षं का विचारत होतो, देव जाणे.

दुसरं, धोक्याचे प्रश्न सगळ्यात वर आणले. पेसमेकर आहे का, शरीरात धातूची प्लेट किंवा सळी आहे का, गरोदर आहात का, रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू आहेत का, कॅन्सरवर उपचार झालेत का. उत्तरं तीन: हो, नाही, माहीत नाही. ही तिसरी खूण फार महत्त्वाची. ती नसेल तर ज्याला माहीत नाही तो “नाही” वर बोट ठेवतो. “हो” किंवा “माहीत नाही” आलं की पडद्यावर लाल अक्षरांत ओळ येते: जुनी फाइल बघा, घरच्यांना फोन करा, तोवर मशीन लावू नका. आणि या प्रश्नांना उत्तर दिल्याशिवाय फॉर्म पुढे सरकतच नाही. कागदाला हे जमत नाही. टॅबचा खरा फायदा मला विचाराल तर एवढाच आहे.

तिसरं, टॅब पेशंटच्या हातात देणं बंद केलं. ज्यांना स्वतः भरायचाय त्यांनी भरावा, तसं विचारतेच. पण बाकी सगळ्यांना मी विचारते आणि मी भरते. समोर नाही बसत, शेजारी बसते, म्हणजे मी काय लिहितेय ते त्यांना दिसतं. “मावशी, कधीपासून दुखतंय?” असं बोलत बोलत १७ प्रश्न सहा-सात मिनिटांत होतात. आधी फॉर्म भरायला वेळ जायचा आणि मग तेच सगळं मी आत पुन्हा विचारायचे.

कुठलं ॲप?

मी कोबोटूलबॉक्स वापरते. सर्वेक्षण करणाऱ्या संस्था हे बऱ्याच वर्षांपासून वापरतात. त्याचं अँड्रॉइडवरचं ॲप नेटशिवाय चालतं. डोंगरातल्या वाडीवर रेंज नसली तरी फॉर्म टॅबमध्ये साठतो, घरी आल्यावर पाठवायचा. एकच फॉर्म मराठी आणि इंग्रजी दोन्हींत ठेवता येतो, आणि पडद्यावर सही घेता येते. फक्त क्लिनिकमध्येच काम असेल आणि नेट चांगलं असेल, तर गूगल फॉर्मनेही सुरुवात होते.

रिपोर्टचं काय?

गुडघ्याच्या ऑपरेशननंतरचे पेशंट सर्जनकडून येतात, त्यांना रिपोर्ट पाठवावा लागतो. आधी मी रात्री जेवणानंतर ते लिहीत बसायचे. तेच नाव, तेच वय, तीच ऑपरेशनची तारीख. आता प्रत्येक वेळी टॅबवर दोनच आकडे न चुकता टाकते: दुखणं ० ते १० मध्ये किती, आणि गुडघा किती अंश वाकतो. माहिती एक्सेलमध्ये उतरवली की पेशंट नंबरवरून पहिल्या दिवसाचा आकडा आजच्या आकड्याशेजारी येतो, तिथून वर्डच्या मेल मर्जने एक पानाचा रिपोर्ट तयार. शेवटच्या तीन-चार ओळी मात्र मी स्वतः लिहिते. सर्जनला त्याच वाचायच्या असतात.

आणि एक अनपेक्षित गोष्ट झाली. तोच रिपोर्ट मी पेशंटला दाखवायला लागले. एक काकू वैतागून म्हणत होत्या, “काही फरक नाही बघा.” त्यांना दाखवलं: पहिल्या दिवशी ६०, आज ९५. काकू बराच वेळ त्या आकड्यांकडे बघत होत्या. मग म्हणाल्या, “म्हणजे खुर्चीवरून उठताना आता हात टेकत नाही, ते हेच का?” हेच!

दोन सावधगिरीच्या गोष्टी

टॅबला पासवर्ड हवाच, आणि तो घरी मुलांच्या हातात गेममध्ये जायला नको. आपल्या २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात संमतीची सूचना माणसाला त्याच्या भाषेत वाचायला मिळण्याची तरतूद आहे. म्हणून फॉर्मच्या सुरुवातीला सोप्या मराठीत चार ओळी आहेत: ही माहिती कशासाठी घेतोय, कुणाला पाठवू. त्या मी वाचून दाखवते, मगच सही. आणि ड्रॉवरमध्ये दहा कोरे कागदी फॉर्म अजूनही असतात. बॅटरी काही आपल्याला सांगून संपत नाही.

तर टॅब घ्यायचा विचार असेल, तर दुकानात जायच्या आधी आज संध्याकाळी तुमचा कागदी फॉर्म समोर घ्या आणि हातात लाल पेन घ्या. जो प्रश्न सुटला तर माणसाला इजा होईल, तो कितव्या नंबरवर आहे तेवढं बघा. माझा ३४ वा होता. तुमचा कितवा आहे ते मला नक्की कळवा.

भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या.